नदीचा राखीव वाटा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी दान, संस्कार आणि समाजसंघटन या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आजचा विषय वरवर पाहता त्या पंक्तीत बसणारा नाही. तो आहे धरणांत साठणाऱ्या पाण्याचा आणि त्या धरणांखालच्या नदीत जगणाऱ्या मुक्या जीवांचा. परंतु थोडा विचार केला असता हा विषय प्रत्येक जैन घराच्या पाणवठ्यापाशीच सुरू होतो, हे ध्यानात येईल.

जैन घरात पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाहीत, हे अन्य समाजालाही ठाऊक आहे. मात्र या नियमाचा उत्तरार्ध बऱ्याच घरांतून विस्मृतीत गेला आहे. गाळण्याच्या कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव कोठेही झटकून टाकायचे नसतात. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ती जिवाणी परत सोडायची असते. एका विहिरीची दुसऱ्या विहिरीत नव्हे. तीही वरून ओतायची नाही. बादलीच्या बुडाला कडी लावून ती अलगद पाण्यापर्यंत नेऊन तेथे उलटी करायची, म्हणजे जिवांना आघात होत नाही. पाणी घ्यावे, पण बेताने घ्यावे. आणि त्या पाण्यातील जिवाला त्याचेच स्थान, त्याच्याच रीतीने परत द्यावे, असे या साध्या आचाराचे दुहेरी सूत्र आहे. एका घागरीसाठी जो नियम पूर्वजांनी घालून दिला, तो शंभर टीएमसीच्या धरणाला लागू होतो किंवा कसे, हाच आजच्या विवेचनाचा प्रश्न होय.

वाळवा तालुका हा दोन नद्यांच्या कुशीत वसलेला प्रदेश. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कराडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते, बह्याच्या रामलिंग बेटाला वेढा घालून पुढे जाते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणेला पोटात घेते. तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहणारी ती वारणा चांदोलीच्या अरण्यातून येते. इस्लामपूरची बाजारपेठ, आसपासचे साखर कारखाने, मळ्यांतील ऊस, द्राक्षे, भाजीपाला या साऱ्यांचे मूळ या दोन नद्यांत आहे. शेतकऱ्याच्या हाती उसाचे बिल आले म्हणजे दुकानाची पायरी वाजते, हे पेठेतील व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. म्हणून धरणांविषयी बोलताना प्रथम कृतज्ञता व्यक्त करणेच उचित ठरेल.

कृष्णेवर वाईजवळ धोम धरण आहे, त्याची साठवण क्षमता साडेतेरा टीएमसी. वारणेवर चांदोली येथे ३४.४० टीएमसीचे धरण आहे. आणि या सर्वांचा मेरुमणी म्हणजे पाटण तालुक्यातील कोयना धरण, क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. कोयनेच्या पाण्यावर सुमारे १,९६० मेगावॅट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प उभा आहे. त्यासाठी पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस कोकणात उतरवले जाते, आणि त्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी ठरलेली आहे. पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यावर नदीकाठची शेती जगते. तसेच टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना चालतात. आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या भागांत जेथे पिढ्यान् पिढ्या टँकरची वाट पाहिली गेली, तेथे आज कृष्णेचे पाणी पोहोचू लागले आहे. तहानलेल्या माणसाला आणि जनावराला पाणी मिळणे, हीसुद्धा जीवदयाच आहे. या पुण्याला कोणी कमी लेखू नये.

तथापि हिशेबाच्या वहीत जमेबरोबर खर्चाचीही बाजू असते. कृष्णेच्या पाण्याचे वाटप करण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,०६० टीएमसी पाणी तीन राज्यांत वाटले गेले : महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशास ८००. या तीन आकड्यांची बेरीज करून पाहावी. ती बरोबर २,०६० येते. म्हणजे वाटणीच्या त्या आकड्यांत ज्या नदीचे पाणी वाटले, त्या नदीच्या नावावर काही उरले नाही. घरातील सर्व भावांना वाटे मिळाले. केवळ आईचा वाटा ठेवायचे राहून गेले.

ही उणीव दुसऱ्या लवादाच्या ध्यानात आली. न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने ३० डिसेंबर २०१० रोजी दिलेल्या निवाड्यात एकूण २,५७८ टीएमसी पाण्याचा विचार केला आणि त्यातील १६ टीएमसी नदीच्या पात्रात किमान प्रवाह राहावा म्हणून वेगळे काढले : महाराष्ट्राकडून ३, कर्नाटकाकडून ७ आणि आंध्राकडून ६. या निवाड्याच्या राजपत्रातील प्रसिद्धीस सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्थगिती दिली, ही गोष्ट निराळी. परंतु नदीलाही वाटा असतो हे तत्त्व कागदावर उमटले, हे त्याचे महत्त्व.

आता हा वाटा किती, तेही पाहावे. २,५७८ पैकी १६ म्हणजे शंभर रुपयांत सुमारे बासष्ट पैसे. महाराष्ट्राच्या ६६६ टीएमसीपैकी ३ म्हणजे शंभर रुपयांत पंचेचाळीस पैसे. हे ३ टीएमसी वर्षभर सारखे वाटून सोडले तर सरासरी ९५ क्युसेक प्रवाह मिळतो, म्हणजे सेकंदाला ९५ घनफूट. आणि तोही राज्यातील संपूर्ण कृष्णा खोऱ्यासाठी. कोयनेच्या पायथा वीजगृहातून एरवी सोडल्या जाणाऱ्या २,१०० क्युसेकचा हा विसावा भागही नाही. एखादा व्यापारी आपल्या उत्पन्नातून धर्मादायाकडे शेकडा पंचेचाळीस पैसे काढू लागला, तर ही सभा त्याला काय म्हणेल, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

कोणी विचारील, नदीत असे कोण राहते की ज्याच्यासाठी पाणी राखून ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर फार मोठे आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ साली पश्चिम घाटातील गोड्या पाण्यातील मासे, शिंपले, चतुर आणि पाणवनस्पती अशा १,१४६ प्रकारांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातील जवळपास सोळा टक्के प्रकार नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे दिसून आले. कृष्णेच्या खोऱ्यातील कोळस हा मासा त्या धोक्याच्या यादीत आहे. महाशीर हा दख्खनच्या नद्यांचा राजा. कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. पावसाळ्यात नदीला पाणी चढले की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि दगडगोट्यांच्या, खळाळत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याच्या वाटेत बांध आला की तो तेथेच अडतो. साचलेल्या पाण्यात त्याला खाद्य मिळेल, निवारा मिळेल. पण खळाळ नसेल तर वंश पुढे चालवणे त्याला कठीण होते.

दुसरा जीव मगर. कृष्णेकाठच्या, विशेषतः भिलवडी-औदुंबर भागातील गावांना तिची ओळख सांगावी लागत नाही. तिच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत. त्या कुटुंबांचे दुःख आणि काठावरच्या शेतकऱ्याची धास्ती खरी आहे. परंतु मगर ही या नदीची जुनी रहिवासी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तिला स्थान आहे. ती उन्हाळ्यात काठच्या वाळूत किंवा मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते. वाळू उपसून नेली, काठ वीटभट्ट्यांनी खाल्ला आणि पाण्याची पातळी अवचित वरखाली होऊ लागली, तर तिला घरटे करण्यास जागा कोठे राहणार? जागा न उरलेला जीव माणसाच्या पाणवठ्यावर येतो. भीतीचे एक मूळ असे त्याच्या विस्थापनात आहे. तिसरा जीव नदी सुरय नावाचा देखणा पक्षी. तो उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतो. एका रात्री पाणी चढले की त्याचे सारे वर्ष वाया जाते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. धरण हे नदीचे शत्रूच असते, असे नव्हे. धरणे नसताना कृष्णा उन्हाळ्यात आजच्याएवढी वाहत नसे. चैत्र-वैशाखात धार बारीक होई आणि ठिकठिकाणचे डोह तेवढे भरलेले राहत. कोयनेतून शेतीसाठी उन्हाळ्यात पाणी सुटू लागल्यापासून पात्र अधिक काळ ओले राहू लागले. म्हणजे साठवलेले पाणी नदीला जगवूही शकते. प्रश्न साठ्याचा नाही. ते पाणी कोणाच्या नावावर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या रीतीने सुटते, याचा आहे. शेतीच्या नावावर सुटलेले पाणी शेतीची गरज संपताच थांबते, आणि वाटेतल्या पंपांनी ते आधीच उचललेले असते. नदीत राहणाऱ्याला मिळते ते उरलेसुरले. उरलेसुरले आणि राखीव यांत फार अंतर आहे.

हे अंतर २०२३ साली स्पष्टपणे दिसले. त्या वर्षी पाऊस कमी झाला, कोयना धरण पूर्ण क्षमतेने भरले नाही, आणि पावसाळा सरून थोडे दिवस होतात न होतात तोच सांगलीत कृष्णेचे पात्र कोरडे पडले. कोयनेतून पाणी सोडावे म्हणून सांगलीतून मागणी झाली आणि सातारा व सांगली या सख्ख्या शेजारी जिल्ह्यांत पाण्यावरून शब्दाला शब्द वाढला. शेतीची चर्चा झाली, पिण्याच्या पाण्याची झाली, विजेची झाली, आणि ती होणे रास्तच होते. परंतु डोह आटून उघड्या पडलेल्या माशांच्या वतीने बोलणारा पक्षकार त्या वादात नव्हता. ज्या नदीने २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर दाखवला, तीच नदी दोन वर्षांत कोरडी पडावी, यातच पाण्याच्या नियोजनातील नदीचे स्थान कळून येते.

हा पेच केवळ कृष्णाकाठचा नाही. अमेरिकेत ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतून क्लॅमथ नावाची नदी वाहते. २००१ साली तेथे अवर्षण पडले. कायद्याने संरक्षित माशांसाठी सरोवरात आणि नदीत पाणी राखावे म्हणून बहुसंख्य शेतकऱ्यांचे कालवे ऐन हंगामात बंद केले गेले. पिके वाळली आणि गावे संतापली. पुढच्या वर्षी, २००२ साली, शेतकऱ्यांना पाणी दिले गेले. त्या सप्टेंबरात नदीच्या खालच्या भागात उथळ, कोमट पाण्यात रोग पसरून हजारो सामन मासे मेले. एका वर्षी शेतकरी बुडाला, दुसऱ्या वर्षी मासा. पुढे त्या नदीवरील वीजनिर्मितीची चार जुनी धरणे २०२४ पर्यंत काढून टाकण्यात आली. कोयना काढा, असे येथे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. परंतु क्लॅमथचा धडा घेण्याजोगा आहे. दुष्काळ दारात उभा राहिल्यावर वाटणी करू गेले, म्हणजे कोणा एकाचा बळी जातोच. नदीचा वाटा सुकाळात ठरवावा लागतो.

भारतातही असे पाऊल पडले आहे. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने नदीच्या प्रवाहाचा काही भाग परिसंस्थेसाठी बाजूला ठेवण्याचे तत्त्व मान्य केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने गंगेसाठी अधिसूचना काढली. तीनुसार उगमाकडील भागात नोव्हेंबर ते मार्च वीस टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे महिन्यांत पंचवीस टक्के आणि जून ते सप्टेंबर तीस टक्के इतका प्रवाह नदीत राखणे बंधनकारक झाले. या अधिसूचनेची खरी खुबी टक्केवारीत नसून ऋतुमानात आहे. नदीला बारा महिने सारखे पाणी नको असते. पावसाळ्यात तिला उसळी हवी, म्हणजे मासा वर चढतो. हिवाळ्यात संथ उतार हवा. आणि उन्हाळ्यात बारीक का होईना, पण अखंड धार हवी. वाळूवर अंडी असतील त्या दिवसांत तिला अचानक लोंढा नको. बादलीला कडी लावून पाणी अलगद सोडण्याचा विवेक तो हाच.

याच संदर्भात महाशीरची एक कथा विशेष बोधप्रद आहे. लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महाशीरचे बीज तयार करण्याचे केंद्र सुरू केले. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी तेथे या माशाच्या कृत्रिम प्रजननाचे मोलाचे काम केले. तेथील पिले अनेक जलाशयांत सोडली गेली. काही पिले दूर दक्षिणेत कावेरीतही गेली. हेतू उदात्त होता. परंतु कावेरीत तिचा स्वतःचा वशिंडाचा महाशीर होता. तो या नव्या पाहुण्यापुढे मागे पडत गेला आणि २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. दख्खनचा महाशीर वाढला, पण दुसऱ्याच्या घरात. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत सोडू नये, हा पूर्वजांचा नियम शास्त्राच्या कसोटीवर असा खरा उतरला. आजही भाविक मंडळी अभयदान म्हणून बाजारातील जिवंत मासे विकत घेऊन जवळच्या नदीत किंवा तळ्यात सोडतात. त्यांच्या करुणेला वंदन असो. परंतु तो मासा कोणत्या पाण्याचा आहे, हे न विचारता केलेली दया दुसऱ्या जिवाच्या मुळावर येऊ शकते.

कृष्णा खोऱ्याचे आजचे चित्र एका वाक्यात सांगता येईल. धरणांच्या वरच्या अंगास कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये १९८५ साली झाली, चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. धरणाच्या वर वाघाला राखीव जागा आहे. धरणाच्या खाली माशाला राखीव पाणी नाही. त्या राखीव जागेसाठी आणि धरणांसाठी डोंगरातील अनेक गावांनी आपली घरे सोडली, हेही विसरता कामा नये. एवढ्या मोठ्या त्यागानंतर खालची नदी कोरडी राहणार असेल, तर तो त्याग अर्धाच फळाला आला म्हणावयाचा.

मग करावे काय? उपाय फार दूरचे नाहीत. पावसाळा संपल्यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाण्याच्या पाळ्या ठरतात. त्या नियोजनपत्रकात पिणे, शेती, वीज आणि उद्योग यांबरोबर ‘नदी’ असा एक रकाना महिनावार असावा, आणि त्या रकान्यातील पाणी पंपांनी उचलू नये. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालताना एका गाळ्यातून धार अखंड वाहती राहील, अशी सोय असावी. मगर आणि नदी सुरय यांच्या विणीच्या दिवसांत पातळी एकदम न चढवता टप्प्याटप्प्याने चढवावी, आणि काही वाळूचे पट्टे उपशापासून कायमचे वगळावेत. सांडपाणी व कारखान्यांचे मळीयुक्त पाणी शुद्ध केल्याविना नदीत जाऊ नये. कारण धार बारीक असते त्या दिवसांत थोडी घाणही सारा डोह मारून टाकते.

या साऱ्यासाठी लागणारे पाणी कोठून आणावे, हा प्रश्न शेतकरी बांधव रास्तपणे विचारतील. त्याचे उत्तर उसाच्या सरीत आहे. मोकाट पाणी सोडून भिजवलेल्या उसाऐवजी ठिबकावरचा ऊस बऱ्याच कमी पाण्यात येतो, हे तालुक्यातील अनेक शेतकऱ्यांनी स्वतः करून दाखवले आहे. अति पाण्याने कृष्णाकाठची कित्येक एकर काळी जमीन क्षारपड झाली आहे. तेथे पाणी वाचवणे म्हणजे जमीन वाचवणे. जतच्या शेतकऱ्याचे पाणी काढून माशाला द्यावे, असा हा विचार नाही. गरजेपेक्षा जास्त घेतलेले पाणी परत द्यावे, इतकाच त्याचा अर्थ. अपरिग्रह म्हणजे उपाशी राहणे नव्हे. गरजेपलीकडचे धरून न ठेवणे. तो धनाला लागू आहे, तसाच पाण्यालाही.

अखेरीस मंदिराच्या व्यवहारातील एक दाखला पुरेसा आहे. देवद्रव्याची पेटी वेगळी असते. संस्थेला कितीही अडचण आली, भिंत पडली, कार्यालयाचे भाडे थकले, तरी विश्वस्त त्या पेटीला हात लावत नाहीत. ती रक्कम मोठी असते म्हणून नव्हे, तर ती एकदा दुसऱ्याच्या नावे झाली म्हणून. पन्नास वर्षे संस्था टिकली, त्याच्या मुळाशी हीच शिस्त आहे. नदीचा वाटा थोडका असला तरी चालेल. तीन टीएमसीचे पुढे सहा, दहा करता येतील. परंतु तो देवद्रव्यासारखा असावा. दुष्काळात पिण्याच्या पाण्याचा अपवाद वगळता त्याला कोणी हात लावू नये, आणि वर्षाअखेरीस त्याचा हिशेब सर्वांना वाचता यावा.

बहे येथे रामलिंगाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी येत्या वैशाखात पुलावर क्षणभर थांबून खाली पाहावे. दगडांमधून धार वाहत आहे की नाही, एवढेच पाहावे. वाहत नसेल, तर ती कोणी अडवली याची चौकशी करणे, ही त्या दिवशीची जीवदया होईल.

जय जिनेंद्र.